‘काढा’ म्हणजे काय काढा?

मित्रांनो, जुन्या रुग्णालयाच्या जिन्याला लाकडी कठडा आहे ना, तो मी. आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे माझे झाले आहे.

एका सुताराने मला सागवानातून घडवले. आजाऱ्याच्या तळव्याला टोचू नये म्हणून त्याने मला कितीदा तरी घासले. पुढे असंख्य माणसे मला धरून पुन्हा चालायला शिकली. “याला धरा, हा पडू द्यायचा नाही,” असे लोक म्हणत आणि मला फार बरे वाटे. मग “याला छान करू” म्हणत काही जण आले आणि माझ्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर चढवून गेले. नंतर रुग्णालयच बंद पडले.

म्हणून परवा स्वयंसेवक आले, तेव्हा मी कान टवकारले. इमारतीची दुरुस्ती व्हायची आहे, त्याआधी आवराआवर करू, असे ते म्हणत होते. गोड बोलणाऱ्यांचा मला भरवसा नाही. त्यांच्यात इथल्याच एक निवृत्त नर्स होत्या. त्यांनी मला नखाने खरवडून पाहिले आणि माझ्या अंगावर खडूने लिहिले, ‘काढा’. झाले, माझी शंभरी भरली.

त्या पाणी प्यायला गेल्या आणि त्यांचे जावई पहार घेऊन आले. शब्द वाचून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझा खालचा गज उचकटला. आवाजासरशी सासूबाई धावत आल्या.

“जावईबापू, हे काय चालवलंय?”

“तुम्हीच लिहिलंय ना, काढा म्हणून?”

“अहो, रंग काढा. कठडा नव्हे.”

“मग ‘रंग’ कुठे लिहिलंय?”

“राहिलं लिहायचं. पण माणसानं विचारावं तरी.”

“सासूबाईंना उलट विचारायची आपली छाती नाही,” जावई पुटपुटले.

आता दोघे मिळून माझा रंग खरवडतात. निघालेला गज सुतार बसवणार आहे म्हणे. बसेल तेव्हा खरे. काल आतले लाकूड दिसले, तेव्हा नर्सबाई त्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ऑपरेशननंतर माझ्या आईला यालाच धरून चालवलं होतं मी.” त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांची आई आठवेना, याचे फार वाईट वाटले.

मित्रांनो, कोणी ‘काढा’ म्हटले, तर आधी ‘काय?’ म्हणून विचारा. विचारायची भीती वाटली तरी विचारा. आम्हाला मध्ये बोलता येत नाही.