मॅरिटच्या कप्प्यातले कागद

आधीच सांगून टाकतो, मी कॉपी केली. एकदा नाही, नऊ वेळा. आणि जिच्या कागदावरून केली ती पोरगी तेव्हा शाळेपासून शंभर मैलांवर, मॅडिसनच्या एका हॉस्पिटलात बेशुद्ध पडली होती.

आता पहिल्यापासून सांगतो.

प्रॉब्स्ट सरांच्या केमिस्ट्रीच्या वर्गात मागच्या भिंतीला लाकडी कप्पे होते. प्रत्येकाचा एक, खाली नावाची चिठ्ठी. तुम्ही एखाद दिवशी आला नाहीत तर त्या दिवशी वाटलेला कागद तुमच्या कप्प्यात जायचा. ठेवायचा कोणी, तर तुमच्या टेबलावरच्या जोडीदारानं. वर तुमचं नाव लिहायचं, तारीख टाकायची, ठेवून द्यायचा. सर स्वतः त्या कप्प्यांना हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "शेजारी कोण नाहीये ते शेजाऱ्यालाच कळतं. मला काय, तीस डोकी दिसतात नुसती."

दुसरा नियम असा की जितके दिवस बुडवले तितके दिवस मुदत. तीन दिवस तापात होतात? आल्यापासून तीन दिवसांत तीन कागद पुरे करा. एकदम साधं.

माझी जोडीदार मॅरिट हाउगन. डावखुरी. पेननं लिहायचीच नाही, कायम पेन्सिल. त्यामुळं लिहिता लिहिता तिचा तळवा लिहिलेल्यावरून फिरायचा आणि प्रत्येक ओळीला करडा फराटा. तिचा कागद शंभरात ओळखू यायचा. वर्गात सगळ्यात हुशार, आणि जिभेला धार. मी कुस्तीच्या टीमात होतो, एकशे बावन्न पौंडांचा गट. वजन धरायचं म्हणून दिवसभर अर्धं संत्रं आणि बर्फाचे खडे एवढ्यावर असायचो. तिसऱ्या पिरियडला पोटातून आवाज यायचे. मॅरिट मान न वळवता म्हणायची, "कोल्बी, तुझ्या पोटातला बेडूक काय म्हणतोय बघ. चार नंबरचं उत्तर विचारतोय वाटतं."

तिच्याकडं पाच अवघड विषय, त्यात बँड, त्यात कॉलेजांचे अर्ज, प्रत्येक अर्जाला वेगळा निबंध. नोव्हेंबरात एका सकाळी शाळेला येताना गाडी चालवता चालवताच तिला झोप लागली. गाडी रस्ता सोडून क्रॅनबेरीच्या मळ्याच्या चरात. पाणी गोठायला नुकती सुरुवात झाली होती.

सरांनी तिचा कप्पा काढला नाही. मला म्हणाले, "ड्रेगर, तू कागद ठेवत राहा. आली की लागतील तिला."

मी ठेवत राहिलो. मॅरिट हाउगन, तारीख. मॅरिट हाउगन, तारीख. रोज.

आता माझी गोष्ट. आमच्या शाळेत दर शुक्रवारी दुपारी तीनला सगळ्यांचे ग्रेड बघायचे आणि सोमवारी कोचच्या खोलीबाहेर यादी लागायची. एका जरी विषयात साठच्या खाली असलात तर लाल रंगात नाव, आणि त्या आठवड्यात खेळायचं नाही. रडा, ओरडा, काही उपयोग नाही. फेब्रुवारीत विभागाच्या कुस्त्या होत्या. एका कॉलेजचा कोच मला बघायला येणार होता. त्यानं स्पष्ट सांगितलेलं, राज्यापर्यंत पोचलास तर तुझी जागा पक्की, फी आमच्याकडे. माझी आई पेपर मिलमध्ये कामाला, पहाटेची पाळी. कॉलेजला जायचा दुसरा रस्ता मला नव्हता. आणि केमिस्ट्रीत मी अठ्ठावन्नवर होतो.

डिसेंबरातला मंगळवार. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी आदल्या दिवशीचा कागद मॅरिटच्या कप्प्यात टाकायला गेलो, विसरला होता. आत गठ्ठ्यात वरचा, शुक्रवारचा कागद भरलेला. मीच कोरा ठेवलेला. दहाच्या दहा उत्तरं, पेन्सिलनं, आणि प्रत्येक ओळीवर करडा फराटा.

पुढच्या टेबलावर डेक्स पिलारस्की बसायचा, माझा दोस्त. त्याला विचारलं, "हे तू केलंस?"

"मी? माझंच कोणी करून देतंय का ते बघ आधी."

"मग कोण?"

"मला काय माहीत! बरोबर आहेत का उत्तरं?"

होती. तोच कागद आज द्यायचा होता आणि माझा कोरा. मी विचार केला नाही. म्हणजे केला, पण साठचा केला. बसून उतरवून काढलं. वीसपैकी अठरा मिळाले, एक मुद्दाम चुकवलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "काय रे, तिसऱ्या पिरियडला कुठं उंडारत होतास?"

"वर्गात."

"शाळेच्या मशीनचा फोन आलेला. तुमचा मुलगा गैरहजर होता म्हणे."

"मशीन येडं आहे, आई."

"मशीन येडं असेल. तू शहाणा आहेस ना?" असं म्हणून तिनं माझ्यासमोरून ओव्हनमधून काढलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा वाडगा लांब सरकवला, म्हणजे मला वास तरी येऊ नये. तिचं प्रेम असंच.

गुरुवारी परत कागद भरलेला. परत उतरवला. परत फोन.

मी सरांकडं गेलो. त्यांनी हजेरी काढली, चष्मा वर केला. "तू होतास? अरे, मी बघून मांडतो. जागा रिकामी दिसली, गैरहजर मांडलं."

"सर, मी तुमच्या हातात कागद दिला."

"कागद आहे खरा," सर म्हणाले. ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले, पण नजर माझ्या खांद्याच्या थोडी बाजूला. "बघतो," म्हणाले.

तेव्हा थांबायला हवं होतं. पण ग्रेड एकसष्टवर गेलेला. सोमवारच्या यादीत माझं नाव काळ्या रंगात. कोचनं पाठीवर थाप मारली. म्हणून तिसरा उतरवला, चौथा, पाचवा. रोज नाही, अडलं की. पण ज्या दिवशी उतरवायचो त्याच दिवशी फोन यायचा. एवढं कळत होतं मला, मी काही बावळट नव्हतो. फक्त मोजत नव्हतो.

सहाव्याच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ट्रे घेऊन डेक्ससमोर बसलो तर तो म्हणाला, "अरे, केव्हा आलास? तिसऱ्याला नव्हतास ना?"

"डेक्स, मी तुझ्या मागंच होतो. तू खोडरबर मागितलंस माझ्याकडं."

"मागितलं. कोणी दिलंच नाही." तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "वजन जास्तच उतरवतोयस तू, यार. खा काहीतरी."

खोडरबर मी दिलं होतं. त्याच्या खांद्यावरून हात पुढं करून. आता आठवलं, ते टेबलावरच पडून राहिलं होतं, तास संपेपर्यंत.

आणि मॅरिटचे कागद बदलत चालले होते. फराटा वाढत होता. आधी ओळीपुरता, मग अर्ध्या कागदावर. आठवा तर खिडकीशी नेऊन तिरका धरला तेव्हा कुठं वाचता आला. नवव्यावर पूर्ण तळवा उमटलेला. बोटं पण. उत्तरं त्याच्या खाली. तरी वाचली मी. तिरका धरून, डोळे बारीक करून, वाचली.

नवव्यानंतर ऑफिसात बोलावणं आलं. हजेरीचं काम बघणाऱ्या मिसेस वॅनिंगनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. नऊ लाल चौकोन. "विनाकारण नऊ. दहावी गैरहजेरी झाली की त्या विषयाचं क्रेडिटच जातं, राजा. वरून सही लागत नाही, मशीनच काढून टाकतं. मग कुस्ती सोड, जूनमध्ये शाळा संपल्याच्या समारंभाला टोपी घालून स्टेजवर पण यायचं नाही."

शुक्रवार उजाडला. विभागाच्या कुस्त्या पुढच्या शनिवारी. त्या दिवशीच्या कागदाला दुप्पट मार्क. मी हिशेब करून ठेवलेला, चांगले पडले तर बासष्ट, नाहीतर सत्तावन्न. मी दहा मिनिटं आधी वर्गात गेलो. कोणी नव्हतं. बाहेर बर्फ काढायचं यंत्र फिरत होतं, त्याचा पिवळा दिवा छतावरून जायचा, परत यायचा.

मॅरिटच्या कप्प्यात आजचा कागद होता. सरांनी अजून वाटलाच नव्हता, गठ्ठा त्यांच्या टेबलावर रबरबँडमध्ये. पण तिच्या कप्प्यात होता, भरलेला. मी उचलला. कागद गरम होता. पोळी उतरवून ठेवल्यावर कापड असतं ना, तसा. त्यावर तळवा उमटत होता. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. मनगट आधी, मग बोटं, सावकाश, पहिल्या उत्तरापासून खाली झाकत.

मी तो परत ठेवला. ठेवताना शेजारी माझा कप्पा दिसला. माझा कधी बघायची वेळच आली नव्हती, मी कुठं बुडवत होतो? त्यात कागद होते. नऊ. कोरे. प्रत्येकावर वर नाव, कोल्बी ड्रेगर, खाली तारीख. पेन्सिलनं. नावावरून करडा फराटा.

कोण नाहीये ते शेजाऱ्यालाच कळतं.

आणि सगळ्यात वर दहावा होता. त्यावर तिनं माझं नाव अर्धंच लिहिलं होतं. कोल्बी, आणि पुढं ड. तारीख नव्हती. थांबली होती ती. वाट बघत होती, येतो का नाही.

पोरं यायला लागली. मी जागेवर जाऊन बसलो. सरांनी कागद वाटला, मी माझा घेतला आणि माझंच लिहायला लागलो. दहातले दोन आले. तिसऱ्याचं अर्धं. बाकी नुसतं "येत नाही" असं लिहिलं, कारण कोरं सोडायची भीती वाटली. पेन्सिल इतकी दाबली की दोन वेळा शिसं मोडलं.

कागद द्यायला पुढं गेलो. सरांनी मान वर केली आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. "अरे ड्रेगर! बरं वाटतंय का आता? किती दिवसांनी आलास!"

जागेवर परतलो तर डेक्स वळून म्हणाला, "हां, हा बघ आला बेडूक."

त्यानं मला बेडूक कधीच म्हटलं नव्हतं. ते मॅरिटचं होतं. विचारलं तर म्हणाला, "काय माहीत, तोंडात आलं."

सोमवारी यादी लागली. लाल रंगात एकच नाव. कोचनं यादीवरून बोट फिरवलं आणि तो आत गेला. विभागाच्या दिवशी मी बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. कॉलेजचा माणूस आला होता. एकशे बावन्नच्या कुस्त्या बघितल्या आणि फाइल मिटून गेला. आई म्हणाली, "जाऊ दे, आता जेव." आणि मी तीन वाडगे हॉटडिश खाल्लं. खाताना रडलो पण. लपवत नाही.

यादी लागली त्याच सोमवारी सरांनी वर्गात सांगितलं, मॅरिट शुक्रवारी शुद्धीवर आली. सकाळी. किती वाजता ते मी विचारलं नाही.

ती एप्रिलमध्ये आली. केस बारीक कापलेले, हातात काठी. टेबलाशी बसली, काठी भिंतीला लावली आणि मान न वळवता म्हणाली, "नऊ दिवस कुठं होतास रे?"

"मी इथंच होतो. तू नव्हतीस."

"सगळे असंच म्हणतात. आई पण." तिनं पेन्सिलीला टोक केलं. "मी रोज येत होते, कोल्बी. हाच वर्ग. आवाज नसायचा कसलाच, पण सर असायचे, कागद असायचा. तू असायचास. मग एखाद्या दिवशी तुझी खुर्ची रिकामी. म्हणून तुझं नाव लिहून ठेवायचे. नियम आहे ना."

मी विचारलं, "मग कागदावर हात का ठेवायचीस?"

आता तिनं मान वळवली. "तुला कसं माहीत?"

मी मागच्या भिंतीवरच्या कप्प्यांकडं बघितलं.

"ज्या दिवशी तू नसायचास ना," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी खांद्यामागून कोणीतरी माझा कागद बघायचं. दिसायचं काही नाही. मी जाम घाबरायचे. म्हणून हात आडवा धरायचे, जास्त जास्त. शेवटच्या दिवशी तर ते इतकं जवळ आलं की मी किंचाळले. त्यानंच जाग आली मला."

"कोण होतं?"

"म्हटलं ना, दिसलं नाही." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पण त्या पूर्ण वर्गात आवाज एकच यायचा. त्याच्या पोटातून."

पुढं डेक्स कोणाशी तरी हसत होता. सर कागद वाटत होते.

मॅरिट काठी घेऊन उठली, भिंतीपर्यंत गेली, माझ्या कप्प्यातून गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. नऊ. दहावा त्यात नव्हता.

"नऊ दिवस आहेत तुझ्याकडं," ती म्हणाली. "पहिला काढ."

मी काढला. तिनं खुर्ची थोडी लांब सरकवली, आणि त्या पूर्ण तासात डावा हात आपल्या कागदावरून उचलला नाही.