घासलेले दाते

कवेलू फेरायला, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट लावायला, दोन माणसं लागतात, एक छपरावर आणि एक खाली, कवेलू हातोहात वर देणारा. केशोराव तीन वर्षांपासून घरात एकटाच होता. दोन पावसाळे त्यानं फुटक्या जागी पळसाची पानं खुपसून काढले. यंदा मात्र भिंतच बसेल अशी भीती वाटली, म्हणून टोपलीत कवेलू भरून तो स्वतःच चढत होता, स्वतःच उतरत होता.

दुपारी आढ्याजवळ त्याला तरटाची पुरचुंडी सापडली. आत सायकलची जुनी चेन होती आणि मागच्या चाकाचं फ्रीव्हील. त्याचे दाते घासून माशाच्या काट्यासारखे झाले होते.

तीन वर्षांपूर्वी, सायकल दुरुस्त करताना चांगलं सामान विकून हलकं बसवलं, असा आळ त्यानं धाकट्या भावावर, सेवकरामवर, भर अंगणात घेतला होता.

"दादा, जुनं घासलं होतं. आढ्याजवळ ठेवलं हाये, चढून पाहा," सेवकराम म्हणाला होता.

"मी कायले चढू?" म्हणत केशोराव बसून राहिला, आणि सेवकराम भिलाईला कामावर निघून गेला.

"घे रे," पुरचुंडी खाली धरून केशोराव सवयीनं बोलला. खाली कोणी नव्हतं.

संध्याकाळी तो पोस्टकार्ड घेऊन शेजारच्या खुशालकडे गेला.

"तीन वर्सानं भाऊ आठवला काय?" खुशाल म्हणाला. "बोल, काय लिहू?"

केशोरावनं पोस्टकार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"लिही, सामान सापडलं. कवेलू फेरून राहिलो. खाली कोणी नाही."