फकिराच्या गाडीवरचा रोहू

ज्योत्सनाला आधी शिसारी आली ती त्या रुमालाची. अश्विन गाडीत बसला, खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला, नाकाला लावला आणि लाखनी येईपर्यंत हटवला नाही. महिन्याभराने ज्याच्या गळ्यात हार घालायचा, तो माणूस आपल्या बापाच्या गाडीत असा नाक धरून बसतो आणि आपण मुकाट गाडी हाकतो! तिला स्वतःचाही तेवढाच राग आला.

गाडी जुनी, पांढरी. ज्योत्सना उपकेंद्रात नर्स होती आणि नोकरी लागल्यावर तिनेच ती बापाला, फकिराला, घेऊन दिली होती. फकिरा गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि मासळी या गाडीतून लाखनीच्या बाजारात न्यायचा. दोन्ही दारांवर त्याने हौसेने पेंटरकडून हातभर लांब रोहू काढून घेतला होता, आणि खाली लिहून घेतलं होतं, 'फकिराची जिती मासोळी'.

अश्विनही मासे धरणाऱ्या ढीवराचाच पोरगा. पण वडील कचेरीत लागले, भंडाऱ्यात घर बांधलं, हा वरठीच्या कारखान्यात इंजिनीअर झाला आणि घरातून मासळीचा विषयच गेला. ताटातली तेवढी राहिली. आता लग्नाला साहेबलोक येणार, मांडवापुढे ही गाडी उभी दिसली तर याचं नाक कापलं जाणार. म्हणून त्याने तोडगा काढला होता. गाडीला रॅप करायचं, म्हणजे वरून सगळीकडे करड्या रंगाची फिल्म चिकटवायची.

"लग्न झालं का सोलून टाकू," तो म्हणाला होता. "खालचं चित्र जसंच्या तसं राह्यते."

त्या शब्दावर ज्योत्सनाने घरी विषय काढला. आई बायाबाई म्हणाली, "कागदापायी सोयरिक मोडते का कोणी?" फकिराने गाडीच्या दारावरच्या रोहूवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "लाव बाई. तुह्या मनासारखं होऊ दे."

गाड्यांना फिल्म लावणाऱ्या भुपेंद्रचं दुकान लाखनीत हायवेच्या कडेलाच होतं. ट्रक गेला की फिल्मच्या गुंडाळ्या थरथरायच्या. त्याने बॉनेटवर हात फिरवला आणि बोटं चोळून बघितली.

"हे तेल कोणं लावलं?"

दुसरं कोण लावणार! हंगामाआधी डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला, जवसाचं तेल चोळतात, लाकडाला पाणी लागू नये म्हणून. फकिराने सकाळी उठून गाडी राखेने घासली, धुतली आणि डोंग्यासारखंच तिला तेल चोळलं. लेकीला दुकानात मान खाली घालावी लागू नये, एवढाच त्याचा हिशेब.

"तेलावर फिलिम बसतच नाही, ताई," भुपेंद्र म्हणाला.

अश्विन फिदीफिदी हसला. "अडाणी माणूस! गाडीले डोंगा समजला." आणि हसायला सोबत मिळावी म्हणून भुपेंद्रकडे बघू लागला.

भुपेंद्र हसला नाही. "तेल थिनरनं निघन. मंग दारावरचे मासे घासून काढतो."

"घासून?" ज्योत्सना दचकली.

"ऑइलपेंट जाड हाय न. तसंच ठेवलं तं फिलिमखालून मासा उठून दिसन. साहेबाले परवाच फोनवर सांगतलं होतं मी."

ज्योत्सनाने अश्विनकडे बघितलं. तो रुमालाची घडी घालत होता.

"तुमाले मालूम होतं?"

"पेंटच तं हाय. पुन्हा काढून घेऊ. आन् खरं सांगू का, काढाचंच कायले?" आता बोलायला लागला तसा त्याने हातासरशी सगळंच उरकून घेतलं. "तुह्या बाबाले बी सांगून ठेव. रिसेप्शनमधी कोणी विचारलं तं मत्स्य विभागात आहो म्हणावं. बाकी काही बोलू नोको म्हणा."

रोज जखमा धुणारी बाई ती, पू बघून तिला कधी मळमळलं नव्हतं. या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून मळमळलं.

"तुमची आजी आसगावच्या बाजारात टोपलं घेऊन बसे," ती म्हणाली. "तुमचे आजोबा गेले तवा माह्या आज्यानं दर खेपेले मासोळीचा एक वाटा तिच्यासाठी काठावर काढून ठेवला. त्या वाट्यावर तुमचे बाबा शिकले."

"हळू बोल," अश्विन म्हणाला.

खोटं आहे असं नाही म्हणाला. हळू बोल म्हणाला! ज्योत्सनाच्या पायाची आग मस्तकात गेली.

"भुपेंद्रभाऊ, राहू द्या. रॅप नाही करत."

"मंग लग्नाचा मलेही विचार करा लागन," अश्विनने दम दिला.

"तुमी नोका तरास घेऊ. माहा झाला विचार. आज माह्या बापाले घासून काढसाल, उद्या मले काढसाल."

त्याला तिथेच रस्त्यावर सोडून ती निघाली. वाटेत काचा उघड्या टाकल्या तरी ती किळस जाईना. त्या माणसाचं सोडा, पण त्याच्या तोडग्याला हो कोणी म्हटलं होतं?

फकिरा अंगणात जाळं विणत होता. तिने त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "तो खोटं बोलला बाबा, चित्र राहणारच नव्हतं. पण लपवाले तं मीच निघाली होती."

फकिराचा हात थांबला. "मले मालूम होतं बाई. जन्मभर डोंगे रंगवले मीनं. कागद लावाच्या आधी घासतीन, हे काय समजत नाही का मले?"

"मंग हो काहून म्हटलं?"

"तुहं लग्न होतं न," फकिरा म्हणाला.