छोटी डिस्क

नागापूरच्या एमआयडीसीत अजिनाथशेठच्या वर्कशॉपमध्ये माणसं नऊ. त्यांतल्या आठांवाचून काम चालेल, आपल्यावाचून नाही, हे आसारामनं मनाशी कधीच नोंदवून ठेवलं होतं. नोंद अगदीच खोटी नव्हती. पोलादाचा ठोकळा पितळी तारेनं, मुंगीच्या चालीनं पण केसाइतका नेमका कापणारं वायरकट मशीन तो एकटाच चालवायचा.

मशीनला जोडलेला कॉम्प्युटर मशीनइतकाच म्हातारा. जुन्या विंडोजवर चालायचा, आणि अकरा वर्षांत कापलेल्या झाडून सगळ्या डायांचे, म्हणजे पोलादी साच्यांचे, प्रोग्राम त्याच्या पोटात होते. कुणी विचारलं, हे जमवता कसं, तर आसाराम कपाळावर बोट ठोकायचा, "इथं हाय सगळं." ऑफिसातली स्नेहल एकदा वही घेऊन शिकायला आली, तेव्हा म्हणाला, ताई, ही विद्या हातात उतरते, वहीत न्हाई. दुसऱ्याला शिकवलं की आपली किंमत निम्म्यावर येते, एवढं तो जाणून होता.

दोन वर्षांपूर्वी शेठनं कॉम्प्युटरच्या त्याच डब्यात दुसरी डिस्क बसवून नवी विंडोज टाकून घेतली. तिनं मशीनला ओळखच दाखवली नाही. मग बसवणाऱ्यानं खटपट करून आधी जुनीच उघडेल असं केलं आणि जाताना बजावलं, हा कॉम्प्युटर बंद करू नका. का, ते आसारामनं विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला ठाऊक नाही, हे उघडं पडलं असतं.

यंदा खंडेनवमीला शेठच्या आई रंगुबाई पूजेला आल्या. मशीनला झेंडूची माळ घातली, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, वरीसभर राबतंय बिचारं, आजच्या दिस निजू द्या. आसाराम पुटपुटला की हे बंद करत नसतात. शेठनं सहज विचारलं, का बरं? ठाऊक नाही म्हणण्यापेक्षा आसारामनंच उठून मेन स्विच खाली ओढला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला तो नव्या विंडोजमध्ये. बंद केला, चालू केला. परत तेच निळं चित्र. केबली उपसून खोचल्या, माऊस आपटला, सुकलेली माळसुद्धा उतरवून ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००९ अशी तारीख दिसत होती. ती त्यानं पाहिली आणि सोडून दिली. घड्याळं काय, चुकतातच.

संध्याकाळपर्यंत एक डाय कापून द्यायची होती. शेठ दोनदा येऊन पाहून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आसाराम, आज न्हाई जमलं तर ठोकळा सुप्याला दुसऱ्याकडं कापायला पाठवतो. आन मग हे धूड ठेवून तरी काय करायचं? भंगारवाला कवाचा मागतोय." मशीन भंगारात गेल्यावर त्रेपन्न वर्षांच्या आसारामनं कुठल्या गेटवर उभं राहायचं, ते शेठनं सांगितलं नाही. शेठ तसा भिडस्त माणूस.

दुपारी नगरातून करण आला. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा त्याचा धंदा. पाठीवर बॅग, कानाला फोन. नवी विंडोज मशीनला ओळखत नाही, हे त्याला लगेच कळलं. फोनवर दुसरं गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून डिस्क उघडून बघत बसण्यापेक्षा त्यानं विचारलंच.

"काका, आत दोन डिस्क आहेत. एक छोटी, एक मोठी. तुमचं काम कुठल्या डिस्कवर?"

शेठ शेजारी उभा होता, स्नेहल दारात. आसारामनं डिस्क कशी असते हेही कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आतल्या आत आकडेमोड केली. अकरा वर्षं, पाचशेच्या वर डाया.

"मोठीवर. एवढं काम छोटीत मावंल व्हय?"

मग छोटीवर काय आहे, असं करणनं विचारलं. जुनाट पसारा, आसाराम म्हणाला. तसं असेल तर छोटी साफ करून तिच्यावर जुनी विंडोज नव्यानं टाकतो, करण म्हणाला, मोठीवरचं काम आहे तसं राहील. पण बोट बटणावर ठेवून तो थांबला.

"नक्की ना काका? एकदा पुसलं की परत येत नाही."

"मशीन अकरा वर्षं मी चालवतोय का तू?"

करणनं बटण दाबलं. तासाभरात जुनी विंडोज आली, तिच्या ओळखीच्या रंगात. आसाराम शेठकडे पाहून हसलासुद्धा. मग करणनं मोठी डिस्क उघडली. वरून खाली गेला, खालून वर आला. नव्या विंडोजखेरीज तिच्यात काहीच नव्हतं.

कोपऱ्यात अजून १ जानेवारी २००९ होतं. ते पाहून करणनं डबा उघडला आणि रुपयाएवढा एक सेल काढून तळहातावर धरला.

"हा मेलाय. कधीचाच. लाइट होती तोवर चाललं. मेन बंद केल्यावर आधी कुठली डिस्क उघडायची ते विसरलं. तेवढं पुन्हा सांगितलं असतं की झालं असतं." त्यानं सेल टेबलावर ठेवला. "दोन मिनिटांचं काम होतं."

पुसलेलं काही निघेल का, असं शेठनं विचारलं. त्याच जागेवर जुनी विंडोज नव्यानं लिहिलीय, करण म्हणाला, आशा धरू नका. शेठनं फोन काढला आणि सुप्याला जायला टेम्पो सांगितला. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर आसारामला बरं वाटलं असतं.

मग स्नेहल आत आली. तिच्या हातात तीच वही होती. स्टूल ओढून ती समोर बसली.

"काका, सगळं डोक्यात आहे म्हणता ना तुम्ही? आठवतील तसे डायांच्या मापांचे आकडे सांगा. मी लिहून घेते. शेठना मी समजावते."

तिला चेष्टा करायची नव्हती, हे त्याला दिसत होतं. आसारामनं डोळे मिटले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कापलेली डाय आठवून पाहिली. तिचा आकार दिसला, तेल दिसलं, कडा बोटांना लागल्या. पण आकडा एकही नाही. ते कधी त्याच्याजवळ नव्हतेच. फाईल उघडायची, बटण दाबायचं, एवढंच त्यानं अकरा वर्षं केलं होतं.

स्नेहल पेन धरून थांबली होती. बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. आसाराम झटकन उठला, कुणी न सांगता ठोकळ्याला हात घातला. निदान उचलून देणं तरी त्याला येत होतं.