धंद्याचा रंग

थोरल्याच्या हाताला सगळेच बिचकून असत. लग्नाच्या सजावटीचा धंदा वडिलांनी उभा केलेला. कमानी, पडदे, खुर्च्यांची कव्हरं, दिवे, फुलं, सगळं त्यांच्याकडे मिळे. वडील गेल्यावर धंदा दोघा भावांचा झाला, पण गोदामात शब्द चालायचा तो थोरल्याचा. कापडाचा एखादा तागा आपली फळी सोडून दुसऱ्या फळीवर दिसला की त्याचं डोकं फिरायचं, आणि मग समोर कोण आहे हे तो बघत नसे. एका कामगाराला त्याने खुर्ची फेकून मारली होती. धाकट्याचा पुढचा दातही त्यानेच पाडलेला. धाकटा तेव्हा कॉलेजात होता. फळ्या झाडताना त्याच्याकडून दोन तागे अदलाबदल झाले आणि थोरल्याने तेच नेऊन हॉलवर टांगले. मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला. घरी येऊन थोरल्याने धाकट्याला थेट ठोसा मारला. चूक हॉलवर कशी कळली नाही, हे त्याला विचारायची छाती कोणाचीच झाली नाही.

कळणार नव्हतीच. थोरल्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. दोन्ही त्याच्या लेखी एकच मातकट रंग. लहानपणी वडिलांनी गिऱ्हाइकासमोर त्याला लाल तागा आणायला सांगितला, तर त्याने हिरवा आणला. परत पाठवलं, तर दुसरा हिरवा आणला. वडिलांना वाटलं पोरगं चारचौघांत आपली चेष्टा करतंय. त्यांनी कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि तो मोडेपर्यंत मारलं. मनगटाचं हाड नंतर सांधलं, पण वाकडं. तेव्हापासून थोरला रंग जागेवरून ओळखायला शिकला. लग्नानंतर बायकोच्या हे लवकरच ध्यानात आलं. तिने सहज विचारलं, तर त्याने तिचा गळा धरला. मग सोडला आणि कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात त्याच्या शेजारी बसायला लागली, एवढंच.

धाकट्याला धंदा वाढवायचा होता. दुकानाची पाटी एका रंगाची, व्हॅन दुसऱ्या, कामगारांचे शर्ट तिसऱ्याच. लोकांना आपण लक्षात कसे राहणार, असं त्याचं म्हणणं. त्याने एक डिझायनरबाई आणली. बाईंनी टेबलावर रंगांची कार्डं मांडली आणि समजावून सांगितलं की दोनच रंग घ्या, पण सगळीकडे तेच वापरा. धाकट्याला गडद हिरवा हवा होता. थोरला म्हणाला, काळं-पांढरं काय वाईट आहे? बाई हसून म्हणाल्या, लग्नाचा धंदा आहे ना तुमचा? धाकटाही हसला. थोरल्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागलेली त्याच्या शेजारी बसलेल्या वहिनीने पाहिली. तिने डावीकडचं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, ह्यांना हा गडद लाल, मरून रंग आवडतो. थोरल्याने कार्डावर बोट ठेवलं. ठरलं म्हणाला. धाकट्याने तोंड वाकडं केलं.

पुढच्या आठवड्यात वहिनीची आई आजारी पडली आणि ती माहेरी गेली. इकडे गोदामाच्या अंगणात पेंटर व्हॅनला हात घालायच्या तयारीत होता. धाकट्याच्या मनातून हिरवा गेला नव्हता. त्याने पेंटरकडून व्हॅनचा एक दरवाजा मरून आणि दुसरा हिरवा करून घेतला. दोन्ही शेजारी शेजारी दिसले की दादाचं मत बदलेल, असा त्याचा साधा हिशोब होता. त्याने भावाला बोलावलं आणि विचारलं, कसे वाटतात?

थोरला दोन्ही दरवाजांपुढे उभा राहिला. त्याला वाटलं, काम झालंय आणि आता दाखवायला बोलावलंय.

"छान," तो म्हणाला. "ठरला तोच आहे. असाच सगळा मारून घे."

"कुठला?"

"हाच की. दोन्ही दरवाजांचा."

पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. धाकट्याला आधी वाटलं, दादा थट्टा करतोय. पण दादाने जन्मात कधी थट्टा केली नव्हती. धाकट्याने खाली वाकून रंगाचे दोन उघडे डबे उचलले, भावासमोर धरले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ह्यातला हिरवा कुठला? थोरल्याने डबे पाहिले. मग पेंटरकडे पाहिलं, शिडीवरच्या कामगाराकडे पाहिलं. ओठावरून त्याने जीभ फिरवली.

एवढ्यात धाकट्याला सगळं उमगलं. ते तागे, तो हॉल, तो ठोसा. फळीवरचा तागा हलला म्हणून इतकी वर्षं खाल्लेला सगळा मार त्याला एकदम आठवला. त्याला हसू आलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"तुला दिसतच नाही," तो म्हणाला. "तुला दिसत नाही म्हणून तू मला मारत होतास."

थोरला म्हणाला, गप्प बस. धाकटा गप्प बसला नाही. त्याने शिडीवरच्या कामगाराला हाक मारली, म्हणाला, खाली ये आणि मालकांना तुझ्या शर्टाचा रंग विचार. कामगार जागचा हलला नाही. धाकट्याने डबा भावाच्या नाकापर्यंत नेला आणि पुन्हा विचारलं. थोरल्याने त्याला ढकललं. धाकट्याने या खेपेला उलट ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच. थोरला भिंतीवर आदळला. तिथे कमानीचे लोखंडी पाइप रचून ठेवले होते. त्यातला एक त्याच्या हातात कसा आला ते पुढे कोर्टातही त्याला सांगता आलं नाही.

पहिला घाव खांद्यावर बसला. धाकट्याच्या हातून हिरवा डबा सुटला आणि रंग फरशीवर पसरला. दुसरा घाव डाव्या कानाच्या वर बसला. ओला लाकडी ओंडका फुटावा तसा आवाज झाला. धाकटा गुडघ्यांवर आला आणि मग तोंडावर रंगात पडला. थोरल्याने तिसरा घाव पाठीत घातला. तोवर पेंटरने मागून त्याला मिठी घातली होती. थोरल्याने कोपर मागे मारून त्याचं नाक फोडलं.

मग तो धापा टाकत उभा राहिला. फरशीवर एकच मातकट ओल पसरत चालली होती. ती सगळी रंगाचीच आहे असं त्याला वाटलं.

"ऊठ," तो भावाला म्हणाला. "नाटकं करू नकोस. सगळा रंग वाया घालवलास."

पेंटर नाक दाबून ओरडला, "मालक, रक्त आहे ते."

थोरल्याने पुन्हा पाहिलं. त्याला काहीच वेगळं दिसेना. पाइप टाकून तो त्या ओलीत गुडघ्यांवर बसला. भावाचं डोकं पुरतं माखलेलं होतं आणि जखम नेमकी कुठे आहे ते त्याच्या डोळ्यांना कळत नव्हतं. तो चाचपायला लागला. रंग गार होता. बोटं कानाच्या वर गेली, तिथे गरम लागलं. जिथे गरम लागलं तिथे त्याने तळवा दाबून धरला. हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत त्याने तो काढला नाही, आणि आल्यावरही दोघांना मिळून त्याचा हात सोडवावा लागला.

धाकटा वाचला. डावा कान मात्र कायमचा गेला आणि त्या बाजूचं गालफड आत बसलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पोलिसांना जसं घडलं तसं सांगितलं. थोरल्यानेही काही नाकारलं नाही. त्याला शिक्षा झाली.

हॉस्पिटलात वहिनी भेटायला आली तेव्हा धाकट्याने तिला एकच विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली.

"माझा दात पडला तेव्हा?"

"तेव्हाही."

त्याने चांगला कान उशीवर दाबला आणि गेलेला कान तिच्याकडे केला.

तरी धंदा आता धाकट्याला आणि वहिनीलाच चालवायचा होता. डिझायनरबाई पुन्हा आल्या. झाला प्रकार त्यांच्या कानावर होता, त्यामुळे जरा जपूनच बोलत होत्या. धाकट्याने त्यांना विचारलं, लाल-हिरवं न कळणाऱ्या माणसाला कुठले रंग चांगले दिसतात? निळा आणि पिवळा, बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, भावासाठीच विचारतोय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग ते दोन सोडून," धाकटा म्हणाला. "पाटी गडद हिरवी करा आणि त्यावर मरून अक्षरं."

बाईंनी समजावलं की चांगल्या डोळ्यांनाही हे नीट वाचता येणार नाही, असं कोणी करत नाही. तो ऐकेना. तेव्हा वहिनी उठली आणि तिने सगळी कार्डं टेबलावरून खाली लोटली. धाकट्याने तिचं मनगट पकडलं. तो पिरगाळत गेला, ती वाकत गेली, शेवटी ती कळवळून "भाऊजी" म्हणाली. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो थोरल्याचाच हात दिसत होता, तीच बुटकी बोटं, तीच पकड. त्याने हात सोडला आणि मोरीत जाऊन ओकला. परत आल्यावर त्याने वहिनीची माफी मागितली. पाटी मात्र बदलली नाही. हिरव्यावर मरून अक्षरं लागली. व्हॅनवर, शर्टांवर, खोक्यांवरही तेच.

थोरला सुटला तेव्हा त्याला आणायला वहिनी एकटीच गेली. बसमधून उतरून दोघं चालत दुकानासमोर आली. थोरला रस्त्याच्या पलीकडे थांबला. केस पार गेले होते, खांदे उतरले होते. त्याला दारावर एक कोरी फळी दिसत होती.

"पाटी काढली?" त्याने विचारलं.

"नाही. आहे."

कुठल्या रंगात केली, त्याने विचारलं. तिने सांगितलं. काही न लपवता सांगितलं, कोणी निवडला तेही. त्याने डोळे बारीक करून पुन्हा त्या फळीकडे पाहिलं. काचेमागे धाकटा उभा होता. त्याने दोघांना पाहिलं होतं. तो बाहेर आला नाही, आतही वळला नाही.

"इतरांना वाचता येतं का?" थोरल्याने विचारलं.

"धड नाही. लोक शेजारच्या दुकानात जाऊन विचारतात."

"मग बदलायला सांग त्याला. गिऱ्हाईक जाईल."

"तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाली.

थोरल्याने मान हलवली, नाही म्हणून. ती बॅग घेऊन पुढे निघाली, आणि तोही तिच्या मागोमाग घराच्या दिशेने चालायला लागला.