दहा काड्यांचा आळा

पहिलीला गणित शिकवायचं म्हणजे आधी कचरा गोळा करायचा, हे दिपालीबाईंना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. चिंचोके, बाटल्यांची बुचं, शर्टांची तुटकी बटणं, आइस्क्रीमच्या काड्या. मुलाच्या हातात आधी वस्तू द्या, मग आकडा द्या, असं प्रशिक्षणात तीन-तीन दिवस घसा कोरडा करून सांगतात. वस्तू कुठून आणायच्या, ते मात्र कुणी सांगत नाही. तो भाग बाईंच्या पिशवीवर सोडलेला असतो.

खडकवस्तीची शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी आणि झाडून सगळे कागद मुख्याध्यापक रामहरी सरांकडे; पहिली-दुसरी दिपालीबाईंकडे. पाथर्डी तालुक्यातली ही वस्ती नावाप्रमाणेच खडक. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर नुसतं आभाळाकडे बघणं. दसरा उलटला की निम्मी वस्ती ऊस तोडायला निघून जाते ती उन्हाळ्यात परत येते, आणि तोवर पोरं शिकलेलं सगळं विसरून आलेली असतात. बाईंचं माहेर देवळाली प्रवऱ्याचं, कालव्याच्या पाण्यावरचं. तिथे त्यांच्या वडिलांचा ऊस दर साली असल्याच वस्त्यांमधली माणसं येऊन तोडायची. इथे बदली होऊन येईपर्यंत त्या माणसांना घर असतं, हे बाईंच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

जूनमधली गोष्ट. पहिलीत खेळ चालला होता, 'आमच्या घरी माणसं किती'. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि समोर एक चिंचोका ठेवायचा. मग सगळे मोजायचे. वर्गात नुसता कालवा. कुणी शेळीचाही चिंचोका मांडला होता, कुणी मुंबईच्या मावशीचाही. बाई फिरत फिरत सुकन्याजवळ आल्या. तिच्यापुढे दोन अख्खे चिंचोके होते आणि एक अर्धुक.

"हे काय गं?"

"ही आजी, ही मी," सुकन्या बोट टेकवत म्हणाली, "अन् ह्ये आण्णा."

"आण्णा अर्धे कसे?"

"मुकादम म्हनला की. आई न्हाई तर आण्णा अर्धा कोयता हाय." मग बाई रागावतील असं वाटून तिने घाईने सांगितलं, "दगडानं फोडला. दातानं न्हाई."

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा. मजूर गोळा करणारा मुकादम त्याला टोळीत सुखासुखी घेत नाही. सुकन्याची आई रेश्मा मागच्या माघात गेली होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला आणि खाली पडली ती उठलीच नाही. हे बाईंना ऐकून माहीत होतं. पण त्या एका पडण्यात सुकन्याचा बाप वाल्मिकही निम्मा झाला होता, हे त्यांना एका चिंचोक्यानं सांगितलं.

बाई खाली बसल्या. "सुकन्या, माणूस अर्धा नसतो बाळा. कधीच नसतो. आण्णा एक." त्यांनी पिशवीतून अख्खा चिंचोका काढून दिला. सुकन्याने तो मांडला, तीनपर्यंत मोजलं आणि अर्धुक खिडकीतून बाहेर टाकून दिलं. पोरं अशीच असतात, पटलं की पटलं. बाईंना मात्र दिवसभर काही सुचेना. लहानपणी त्या स्वतःच मैत्रिणींना ऐटीत सांगत असत, आमच्या उसात सहा कोयते आलेत म्हणून. त्या सहांमध्ये माणसं किती, पोरं किती, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्याच आठवड्यात त्या वाल्मिकच्या घरी गेल्या. वाल्मिक दारात बसून खुरप्याला मूठ बसवत होता. त्याची आई रंगुबाई भिंतीला टेकून बसलेली. तिला एका डोळ्याने अंधुक दिसायचं, दुसऱ्याने तेवढंही नाही.

"वाल्मिकभाऊ, औंदा सुकन्याला नेऊ नका. तिला इथंच राहू द्या."

"न्हाई नेत, बाई," तो लगेच म्हणाला. "मी अन् पुंजाराम, दोन अर्धे मिळून येक कोयता करनार हाय. त्याची बायको बाळंतीन हाय, ती काय येत न्हाई. पोरगी म्हातारीपाशी ऱ्हाईल. तिची माय त्या फडात गेली. मला तरी तिला तिथं कुठं न्ह्यावंसं वाटतंय?"

एवढ्या सरळ शब्दांत मिळालेलं आश्वासन घेऊन बाई परतल्या. त्या दिवसापासून सुकन्या त्यांची झाली म्हणायला हरकत नाही. बाकीच्या एकवीस पोरांना बाई काय कमी माया करत होत्या असं नाही, पण आईवेगळ्या लेकराकडे हात आधी जातोच.

श्रावणात दशकाचा धडा आला. दहा सुट्ट्या काड्या म्हणजे एक गठ्ठा, एक दशक. बाईंनी शाळेचा नवाकोरा खराटा सुटा करून त्याच्या काड्या केल्या. रामहरी सर म्हणाले, "बाई, आता अंगण गणिताने झाडायचं का?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण बाईंनी लक्ष दिलं नाही. खरी पंचाईत रबरांची झाली. पोरं रबर ताणायची, एकमेकांना मारायची, उरलेली तुटायची. दोन दिवसांत डबी रिकामी झाली आणि दशक सगळ्या वर्गभर पसरले.

तेव्हा सुकन्या उठून बाहेर गेली आणि कुंपणाच्या कडेचं लांब हिरवं गवत उपटून घेऊन आली. खाली बसून तिने दहा काड्या मोजल्या, गुडघ्याखाली दाबल्या, गवताच्या पात्याला पीळ दिला, काड्यांभोवती फिरवला आणि टोक आत खुपसलं. पेंढीला शेतकरी आळा बांधतात, अगदी तसा. बाईंनी गठ्ठा उचलून हलवला. एकही काडी सुटली नाही.

"अगं, सोन्या! हे तुला कुणी शिकवलं?"

सुकन्या नुसती हसली. तिचा पुढचा दात पडला होता.

मग काय, सगळा वर्गच आळे बांधायला लागला. कुणाचे सुटायचे, कुणाचे तुटायचे, सुकन्या मास्तरणीसारखी फिरून सगळ्यांचे आवळून द्यायची. आणि ज्या हाताने ती गठ्ठे बांधायची, त्याच हाताने तिला संख्या कळत गेल्या. तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या, चौतीस. सात गठ्ठे आणि सुटी एकही नाही, सत्तर. पोळ्याच्या आत तिने शंभर गाठले. दुसरीची पोरंही वळून बघायला लागली. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी चटपटीत पोर पाहिली नाही, असं रामहरी सर म्हणाले, आणि ते सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत.

भाद्रपद सरत आला तशी वस्तीवर तोडीला जाण्याची बोलणी सुरू झाली. रामहरी सरांनी एकदा कानावर घातलं, "बाई, तुमचा वाल्मिक डळमळतोय बरं का. म्हातारीला दिसत नाही, पोरीला कुणाच्या भरवशावर टाकू, म्हणत होता."

बाई हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? आपली पोरगी काय चीज आहे हे बापाने एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो तिला कशाला नेतोय, असा त्यांनी हिशेब मांडला. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी त्यांनी शाळेच्या ओट्यावर गणिताची जत्रा भरवली. पालकांना घरोघर जाऊन आवतण दिलं. वाल्मिककडे दोनदा गेल्या.

जत्रा छान झाली. चिंचोक्यांचा बाजार, बुचांच्या रांगा, उड्या मारत मोजायच्या चौकटी. शेवटी बाईंनी सुकन्याला मधोमध बसवलं आणि तिच्यापुढे काड्यांचा ढीग ओतला. सुकन्याने मान वर केली नाही. मोजायची, दाबायची, पिळायची, खुपसायची. एकेक गठ्ठा बाजूला पडत गेला. दहावा ठेवून ती उभी राहिली आणि घंटेसारख्या आवाजात म्हणाली, "दहा गठ्ठे, शंभर काड्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाल्मिक पुढे आला. उकिडवा बसला. एक गठ्ठा उचलून त्याने आळा अंगठ्याने ओढून पाहिला. जरासुद्धा ढिला होईना.

"असा पीळ कुनी शिकिवला तुला?"

"आईनं," सुकन्या म्हणाली. "वाढं बांधताना मी बगायची."

वाढं म्हणजे उसाचा शेंड्याचा हिरवा पाला. तोडणी झाली की बायका त्याच्या पेंढ्या बांधतात, जनावरांच्या वैरणीला. वाल्मिकने गठ्ठा हातात धरूनच बाहीने डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "बघा वाल्मिकभाऊ, अशी लेक नशिबाने मिळते." तो म्हणाला, "व्हय बाई. खरंय तुमचं." त्या रात्री दिपालीबाई किती दिवसांनी स्वस्थ झोपल्या.

कोजागिरीनंतर दोन दिवसांनी वाल्मिक शाळेत आला. धुतलेला सदरा, हातात परकराच्या फडक्यात बांधलेली बाजरी. ती त्याने बाईंच्या टेबलावर ठेवली.

"हे कशाला?"

"घरची हाय. असू द्या." तो उभाच राहिला. "बाई, तेवढं ते कार्ड लिवून द्या. तिकडच्या शाळंत दाखवायचं असतंय ते."

बाहेरगावी जाणाऱ्या पोरांना शाळेतून हमी कार्ड देतात. पोराला काय काय येतं ते त्यावर लिहिलेलं असतं. बाईंना क्षणभर कळलंच नाही.

"कुणाचं कार्ड?"

"सुकन्याचं. आमी समदीच चाललोय. म्हातारी भाकरी टाकंल."

"तुम्ही मला शब्द दिला होता, वाल्मिकभाऊ!" बाईंचा आवाज चढला. वर्ग चिडीचूप झाला. "सहा वर्षांची पोर ती! तिथे उसाच्या पाचटात काय करणार ती?"

वाल्मिक रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, बाईंना भांडता आलं असतं.

"गेल्या साली नुसती बसायची, बाई. म्हनून तर यंदा ठिवनार हुतो. पन आमी दोघं गडी तोडनार, मागं वाढं बांधायला बाईमानूस न्हाई. पुंजाराम म्हनत हुता, कुनाला तरी बगावं लागंल. मग त्या दिशी तुमीच दाखिवलं की. पोरगी बांधतीया, मोजतीया. अगदी तिच्या मायसारका पीळ." तो थांबला. त्याने हात जोडले. "तुमी शिकिवलं म्हनून पोरगी कामाची झाली. लई उपकार झाले, बाई."

माणूस दुष्ट असता तर त्याला दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हा तर त्यांचे पाय धरायच्या बेतात होता. रामहरी सर मधे पडले, कायदा सांगितला, पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवू म्हणाले. वसतिगृह यंदा कधी सुरू होणार ते मात्र त्यांनाच ठाऊक नव्हतं. वाल्मिकने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा कार्ड मागितलं.

कार्ड बाईंनीच लिहिलं. 'एक ते शंभर वस्तू मोजते. दशकाचे गठ्ठे तयार करते.' एवढं लिहिताना त्यांना वाटलं, आपण पोरीला दाखला देत नाही, कामावर लावतोय. त्यांनी ते फाडून टाकायला हवं होतं का? फाडलं असतं तरी ट्रक थांबला नसता. बाजरी त्यांनी परत दिली नाही. ती परत करायला तोंड लागतं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मारुतीच्या पारापाशी ट्रक उभा राहिला. भांडी, गोधड्या, पत्रे, कोंबड्यांचं खुराडं चढत होतं. प्रार्थना झाल्यावर बाई शाळा सरांवर टाकून तिकडे आल्या. रंगुबाईला वर चढवून झालं होतं. सुकन्या तिच्याशेजारी बोचक्यावर बसली होती, नव्या फ्रॉकमध्ये, फार खुशीत. बाई दिसताच ती फळीवर वाकली.

"बाई, बाई! शंभराच्या म्होरं काय असतं?"

शंभराच्या पुढचं पहिलीला नाहीच. काही नसतं गं, तिथेच संपतं, असं सांगितलं तर? तर शंभर पेंढ्यांवर तिचा हात थांबेल, ती चुकेल, बाप म्हणेल ही अजून कच्चीच आहे, कामाला नको. एक खोटं बोलायचा अवकाश होता. बाईंनी तोंड उघडलं, आणि पोरगी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशी.

"एकशे एक," बाई म्हणाल्या. "मग एकशे दोन."

"एकशे तीन!" सुकन्या ओरडली. ड्रायव्हरने ट्रक चालू केला. "एकशे चार! मंग एकशे दहाच्या म्होरं... एकशे अकरा?"

"शाबास," बाईंच्या तोंडून निघून गेलं. ट्रक हलला तरी पोरगी मोजतच होती.