आश्रुबा नेमका कुठं काम करतो

करंजटेक आणि करंजवाडी ही दोन गावं साठ वर्षं एकाच ग्रामपंचायतीत नांदली. नांदली म्हणजे भांडलीच, पण एका खोलीत, एका चहाच्या किटलीभोवती बसून भांडली. चौसाळ्याहून आत वळलं की आधी करंजटेक लागतं आणि नाला ओलांडला की वाडी.

मग सहा वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून व्यायामाची लोखंडी यंत्रं आली. सरपंच भारतरावांनी ती टेकावर, आपल्या घरासमोर बसवली. वाडीचे पुढारी हनुमानराव हे भारतरावांचे सख्खे चुलतभाऊ. त्यांच्या लक्षात आलं की वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय होत आलाय. त्या यंत्रांवर दोन्ही गावांतला एकही माणूस आजवर चढलेला नाही. भारतरावांच्या घरच्या गोधड्या तेवढ्या तिथं छान वाळतात. पण प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्वासाठी ग्रामपंचायत फोडायची ठरली.

अडचण एकच आली. स्वतंत्र ग्रामपंचायतीसाठी दोन गावांत जेवढं अंतर लागतं तेवढं भरेना. नाल्यातून गेलं तर दीड किलोमीटर. तेव्हा नाल्याला पूर आल्यावर ज्या रस्त्यानं वळसा घ्यावा लागेल, त्या रस्त्यानं अंतर मोजलं. मग ते भरलं, वर थोडं उरलंही. पूर कधी येतो, हे कागदाला विचारायची पद्धत नाही.

विभाजनाचा हुकूम आला त्या दिवशी वाडीत फटाके वाजले. आश्रुबा तेव्हा पाण्याच्या टाकीवर चढून आत पावडर टाकत होता. त्याला वाटलं, कुणाचं तरी लगीन असेल.

आश्रुबा म्हणजे दोन्ही गावांचा पाणी सोडणारा माणूस. वय बावन्न, नोकरी बावीस वर्षांची. विहीर तलावाखाली, वाडीच्या शिवारात. टाकी टेकाच्या माथ्यावर. विहिरीवरची मोटर सुरू केली की पाणी वाडीला वळसा घालून टेकावर चढायचं आणि टाकीतून अर्धं टेकाच्या नळांना, अर्धं परत उतरून वाडीला यायचं. मध्ये अकरा व्हॉल्व्ह. त्यातला तिसरा उलटा बसवलेला, म्हणजे बंद करायचा तर उघडल्यासारखा फिरवायचा. हे आश्रुबाला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायची गरज बावीस वर्षांत पडली नव्हती.

यथावकाश निवडणुका झाल्या. टेकावर भारतराव राहिले. वाडीचं सरपंचपद बाईसाठी निघालं, म्हणून हनुमानरावांच्या बायको प्रियदर्शनी सरपंच झाल्या. म्हणजे त्या सह्या करायच्या आणि हनुमानराव बाकीचं सगळं. मग मालमत्तेची वाटणी झाली. कार्यालय टेकाला, समाजमंदिर वाडीला. स्मशानभूमी नाल्यापलीकडं असल्यानं वाडीकडं गेली, तेव्हा टेकाच्या माणसाला मेल्यावर परगावी जाणं भाग पडलं. कचऱ्याची घंटागाडी वाडीला मिळाली आणि तिचा ड्रायव्हर टेकाला.

उरला आश्रुबा.

पहिल्या तारखेला तो हजेरीपटावर सही करायला गेला, तर पटात त्याचं नाव नव्हतं. दोन्ही ग्रामपंचायतींचा कारभार सुरज नावाच्या एकाच तरुणाकडं होता. या पदाला पूर्वी ग्रामसेवक म्हणत. सरकारनं सुधारणा करून ते नाव ग्रामपंचायत अधिकारी असं केलं, तेव्हापासून सुरजचं काम तेच राहिलं आणि पाटी लांब झाली.

"नाना, तुमचं नाव आता वाडीच्या पटात," सुरज म्हणाला.

"वाडीचा पट कुठं हाय?"

"माझ्याच पिशवीत हाय. पण त्यात बी न्हाई. तिथल्या बॉडीचं म्हणणं हाय, तुमी टेकाचे."

"मग मी कुणाचा रं?"

"त्यासाठीच पत्रव्यवहार करावा लागंल."

पत्रव्यवहार झाला. सुरजनं करंजटेकचा अधिकारी म्हणून करंजवाडीच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं की सदर कर्मचारी आपल्याकडे वर्ग करण्यात येत आहे. दुपारी वाडीत जाऊन त्यानं ते स्वतःच घेतलं आणि स्वतःला पोच दिली. बारा दिवसांनी वाडीतर्फे उत्तर लिहिलं की सदर मागणी मान्य करता येत नाही. संध्याकाळी टेकावर येऊन ते वाचलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यात त्याचा दोष काही नव्हता. दोन्हीकडचे पुढारी त्याला जे सांगत, ते तो लिहीत होता.

शेवटी प्रकरण पंचायत समितीत गेलं. तिथून उत्तर आलं की कर्मचाऱ्याचं कामाचं ठिकाण ज्या हद्दीत असेल, त्या ग्रामपंचायतीनं त्याला घ्यावं. ठिकाण ठरवायला भागवत साहेब नावाचे विस्तार अधिकारी आले. उन्हाचं चालून त्यांना घाम फुटला होता, तरी ते नेटानं आश्रुबाच्या मागं विहिरीपासून टाकीपर्यंत चालले आणि मोबाइलवर वेळ नोंदवत राहिले.

"मोटरपाशी किती वेळ असता?"

"लाइट असंल तवर, साहेब."

"आणि टाकीपाशी?"

"टाकी भरंपर्यंत."

"तसं नाही. तुमचं मुख्यालय कुठलं म्हणायचं?"

"मुख्यालय मंजी?"

"म्हणजे तुम्ही मुख्यतः असता ते ठिकाण."

आश्रुबानं खरोखर विचार केला. "पाणी जिथं असंल तिथं असतो, साहेब. ते म्होरं गेलं की मी म्होरं जातो."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अहवालात आलं, ‘सदर कर्मचारी पाण्यासोबत फिरतो, सबब त्याचे मुख्यालय निश्चित करता येत नाही.’

हा अहवाल वाचून हनुमानरावांनी विहिरीवरच्या मोटरघराला कुलूप घातलं. मुख्यालय निश्चित नसलेला माणूस आमच्या हद्दीतली मोटर कशी चालू करतो, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी भारतरावांनी टाकीखालच्या व्हॉल्व्हच्या खोलीला कुलूप घातलं. वाडीला पाणी पाहिजे असेल तर ठराव घेऊन या, म्हणाले. अशा तऱ्हेनं दोन्ही ग्रामपंचायतींनी आपापली स्वायत्तता सिद्ध केली आणि दोन्ही गावांच्या बायका घागरी घेऊन तलावाकडं चालू लागल्या.

आश्रुबा घरी बसला. पहाटे पाचला त्याचे डोळे आपोआप उघडायचे. तो उठायचा, पायात चपला घालायचा, दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. तिसऱ्या दिवशी छबुबाईला, त्याच्या बायकोला, ते बघवेना.

"आवं, बसा की निवांत. बावीस वर्सांत एक सुट्टी न्हाई घेतली तुमी."

"सुट्टी न्हाई ही. सुट्टी कुणी तरी देत असतं."

"मग भांडा जाऊन."

"कुणासंगं? भारत म्हनतो हनुमानला इचार. हनुमान म्हनतो भारतला. सुरज म्हनतो वर इचार. वरचा माणूस माझ्यासंगं समदी लाइन चालला, पाणी प्याला, चांगला बोलला. आन् लिव्हलं काय, तर मी कुठंच न्हाई."

हे बोलून त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. छबुबाई दळण घ्यायच्या निमित्तानं उठून आत गेली, कारण या माणसाला रडताना तिनं फक्त त्याच्या आईच्या मयतीला बघितलं होतं.

पाचव्या दिवशी तो चौसाळ्याला गेला. हायवेला लागून ईश्वरप्पांचं पाइप, मोटरी आणि नळाच्या सामानाचं दुकान आहे. बावीस वर्षं आश्रुबा तिथूनच वायसर आणि जोड नेत आला होता. कपाळावर भस्म लावलेले, कमी बोलणारे ईश्वरप्पा गल्ल्यावर बसून सगळं ऐकत राहिले.

"आश्रुबा, तुला पाइपातलं जेवढं कळतं तेवढं माझ्या दुकानात कुणाला कळत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून इथं ये."

"आप्पा, मला कागदपत्रातलं न्हाई कळत."

"इथं कागद नाहीत. सकाळी नऊला यायचं, सातला जायचं. तुझं ठिकाण हे," असं म्हणून त्यांनी काउंटरमागचं एक स्टूल दाखवलं.

आश्रुबा त्या स्टुलाकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग बसला.

इकडं वाडीत प्रियदर्शनीताईंच्या डोक्यावरही आता घागर आली होती. सरपंचबाई तलावावर रांगेत उभ्या, हे बघून बाकीच्या बायका काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं त्यांना लागलं. त्यांनी घरी येऊन खुंटीवरची किल्ली काढली, नवऱ्याला एका शब्दानं न विचारता विहिरीवर गेल्या आणि स्वतः मोटर सुरू केली. धाडस मोठंच होतं. फक्त तिसरा व्हॉल्व्ह उलटा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तो नीट उघडला, म्हणजे बंद केला. अर्ध्या तासात नाल्याजवळचा जुना जोड फुटला आणि दुपारपर्यंत नाला खळाळून वाहिला. नाल्याला पूर धरून कागदावर मोजलेलं अंतर त्या दिवशी पहिल्यांदा खरं ठरलं.

आता मात्र आश्रुबा दोन्ही गावांना आठवला. दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात दोन नोटिसा मिळाल्या, दोन्ही सुरजच्या सहीच्या. एकीत लिहिलं होतं, ‘आपण ग्रामपंचायत करंजटेकचे कर्मचारी असून विनापरवानगी गैरहजर आहात.’ दुसरीत लिहिलं होतं, ‘आपण ग्रामपंचायत करंजवाडीचे कर्मचारी असून विनापरवानगी गैरहजर आहात.’ महिनाभर जो कुणाचाच नव्हता, तो एका टपालात दोघांचा झाला.

पाठोपाठ भारतराव आणि हनुमानराव आले, अर्थात वेगवेगळ्या गाड्यांवरून. दुकानात एकमेकांना बघून दोघांनीही मोटरींच्या किमती वाचायला सुरुवात केली. सुरज मधोमध उभा राहिला.

"आश्रुबा, झालं गेलं सोड रं," हनुमानराव शेवटी म्हणाले. "चल, गाडीवर बस."

"तुमच्या बसू का त्यांच्या?"

आश्रुबानं दोन्ही नोटिसा काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मालक, मी तुमचा अपमान करत न्हाई. पण एकदा लेखी द्या, मी कुणाचा. येका ओळीत द्या. आत्ता येतो."

दोघांनी सुरजकडं पाहिलं. सुरजनं घसा साफ केला. "लेखी द्यायचं म्हणजे मुख्यालय टाकावं लागतं. तेच तर ठरलेलं न्हाई."

"मग ह्या नोटिसा कावून काढल्या?"

"नोटिशीत मुख्यालयाचा रकाना नसतो, नाना," सुरज खाली मान घालून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

इतक्यात एक गिऱ्हाईक अडीच इंची पाइपाचा जोड मागायला आलं. आश्रुबा उठला आणि मागच्या फळीकडं गेला. पुढारी थोडा वेळ थांबले. मग आपापल्या गाड्या चालू करून निघून गेले.

तोडगा पुढच्या महिन्यात निघाला. टेकानं तानाजीला ठेवलं, वाडीनं अजिनाथला. अजिनाथ मोटर चालू करून तानाजीला मिस कॉल देतो. टाकी भरली की तानाजी अजिनाथला देतो. रेंज नसली की टाकी सांडते, आणि दोघांपैकी एक जण शेतात गेला असला की भरतच नाही. पूर्वी दिवसाआड येणारं पाणी आता पाचव्या दिवशी येतं. वार्षिक अहवालात मात्र दोन्ही ग्रामपंचायतींनी, म्हणजे सुरजनं दोनदा, लिहिलं आहे की विभाजनामुळे कारभार लोकांच्या दारी आला आणि रोजगार दुप्पट झाला. वर त्याचं कौतुक झालं म्हणतात. प्रियदर्शनीताईंनी एवढं केलं की मोटरघराची किल्ली त्या दिवसापासून आपल्या कमरेला लावली. हनुमानरावांना आता ती मागून घ्यावी लागते.

आश्रुबा दुकानात रुळला. अजिनाथ आणि तानाजी दिवसातून दोनदा त्याला फोन करतात आणि तो कामातून वेळ काढून दोघांना सांगतो. ईश्वरप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी तो सकाळीच बाहेर पडतो. परवाही पडला. विहिरीपासून लाइनीच्या कडेकडेनं चालत तो नाल्याशी आला, तर नव्या जोडातून पाणी ठिबकत होतं. खाली चिखल झाला होता आणि दोन चिमण्या त्यात अंघोळ करत होत्या. कुणाला कळवावं, हा विचार त्याच्या मनात आला. पण नाला नेमका हद्दीवर. कळवलं तर आधी पाहणी होणार. त्यानं खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, गुडघ्यावर बसून जोडाला घट्ट गुंडाळली, वरून सुतळी आवळली आणि ठिबकणं थांबेपर्यंत तळवा त्यावर दाबून धरला.

घरी आला तेव्हा छबुबाई दारात तांदूळ निवडत होती.

"कुठं गेलता?"

"कुठं न्हाई. पाय मोकळे करायला गेलतो."

तिनं त्याच्या कोपरापर्यंत ओल्या झालेल्या बाह्या पाहिल्या, सूप बाजूला ठेवलं आणि चहाला आधण ठेवायला आत गेली.